नातीच्या लॅपटॉपवरचं रॉकेट

*वाचकाचं पत्र (थोडक्यात):*

*मी ६२ वर्षांचा निवृत्त टर्नर. आयटीआय करून कांजूरमार्गच्या एका छोट्या शॉपमध्ये ३४ वर्षं लेथ चालवला. मोठ्या कारखान्यांची कामं आमच्याकडे यायची, त्यात अधूनमधून इस्रोचे जॉबही असत. एक रिंग मी कितीतरी वेळा केली. आतल्या बोअरला दोन शतांश मिलिमीटरची टॉलरन्स, म्हणजे मापात तेवढाच फरक चालायचा. ड्रॉइंगवर नुसता नंबर. ती रॉकेटात कुठे बसते हे कुणी सांगितलं नाही आणि मीही कधी विचारलं नाही. आता वेळ आहे. आठवीतली नात लॅपटॉपवर रॉकेटचा गेम खेळते, मी शेजारी बसतो. इंजिनाचे, नोझलचे पुष्कळ व्हिडिओ पाहिले. बघताना सगळं कळतं, दुसऱ्या दिवशी कुणाला सांगायला गेलो की शब्द फुटत नाही. पुस्तक आणलं तर तिसऱ्याच पानावर लॉगॅरिदम. इंग्रजी कामापुरतं येतं. मुलगा म्हणतो, बाबा, या वयात रॉकेट शिकून काय करणार. नात आता सोरा आणि साखरेचं रॉकेट घरी करू म्हणते, तिनं व्हिडिओ पाहिला आहे. गेममधलं खरं असतं का? आणि माझ्यासारख्यानं सुरुवात कुठून करावी?*

*– एक वाचक, कन्नमवार नगर, विक्रोळी*

काका, सप्रेम नमस्कार.

पत्रातल्या बाकी गोष्टींना सवड आहे, एका गोष्टीला नाही. ते सोरा-साखरेचं रॉकेट करायचं नाही. गच्चीवर नाही, मैदानात नाही, 'मी बाजूला उभा आहे ना' म्हणूनही नाही. ते मिश्रण शिजवताना पेटू शकतं, आणि पेटलं की हात मागे घ्यायला वेळ मिळत नाही. परवान्याशिवाय स्फोटकं बनवणं हा १८८४ च्या स्फोटक कायद्याखाली गुन्हाही आहे. दिवाळीचा बाण उघडून दारू काढणं यातच आलं. नातीला नुसतं 'नको' म्हणून भागणार नाही, तिला त्या बदल्यात उडणारं काहीतरी द्यावं लागेल. ते पुढे सांगते.

आता व्हिडिओंबद्दल. 'बघताना कळतं, सांगताना येत नाही' हे तुम्ही जितकं नेमकं लिहिलंत तितकं माझे बीएस्सीचे विद्यार्थीही सांगत नाहीत. मी वीसेक वर्षं भौतिकशास्त्र शिकवते. एका वर्षी वर्गात रॉकेटचं फार सुंदर ॲनिमेशन दाखवलं होतं. ज्वाला, बाण, रंग, सगळं. मुलं खूश. पुढच्या आठवड्यात कोरे कागद वाटले आणि म्हटलं, रॉकेट वर का जातं ते चित्र काढून दाखवा. बहुतेकांच्या चित्रात ज्वाला खालच्या जमिनीला ढकलत होती आणि जमीन रॉकेटला वर ढकलत होती. ॲनिमेशनमध्ये असं काहीही नव्हतं! मुलांनी आपली जुनीच समजूत त्या चित्रांवर चिकटवून घरी नेली होती. त्या दिवशी मला स्वतःच्या शिकवण्याचा धक्का बसला.

डेरेक मुलर यांनी सिडनी विद्यापीठात नेमक्या याच विषयावर पीएचडी केली, २००८ मध्ये. भौतिकशास्त्राचे स्वच्छ, सोपे व्हिडिओ पाहिलेले विद्यार्थी म्हणत, छान समजलं. चाचणीत उत्तरं मात्र जवळपास पहिल्यासारखीच, वर आत्मविश्वास वाढलेला. ज्या व्हिडिओत आधी चुकीची समजूत मांडून मग ती खोडून काढलेली होती, तो मुलांना गोंधळाचा वाटला, पण शिकली ती त्यातूनच. म्हणजे डोक्याला थोडा त्रास झाल्याशिवाय आतलं जुनं हलत नाही.

तुमच्या बाबतीत हा त्रास मुद्दाम द्यायची रीत तुम्हाला आयुष्यभर ठाऊक आहे. नवीन जॉब चकमध्ये लागला की तुम्ही सरळ फुल कट घेत होतात का? आधी ड्रॉइंग वाचायचं, ट्रायल कट घ्यायचा, मायक्रोमीटर लावायचा, आणि यायला हवं होतं त्या मापात आणि आलेल्या मापात किती फरक आहे ते बघून पुढची डेप्थ द्यायची. व्हिडिओ बघताना तुम्ही मायक्रोमीटर खाली ठेवून नुसती चिप उडताना बघताय, एवढंच बिघडलं आहे.

म्हणून दोनशे पानी वही आणा. डाव्या पानावर अंदाज, उजव्या पानावर प्रत्यक्ष. व्हिडिओ मध्येच थांबवायचा आणि 'आता काय होईल' ते पेन्सिलनं डावीकडे लिहायचं, जमलं तर चित्र काढायचं. मगच प्ले. गेममध्येही तसंच, बटण दाबायच्या आधी लिहायचं. चुकलेला अंदाज खोडायचा नाही. नातीचा अंदाज वेगळ्या रंगात. माझ्याकडे सांगण्यासारखं खरं तर हे एवढंच आहे, बाकी सगळं हे कुठे लावायचं त्याबद्दल आहे.

पहिला अंदाज पडद्यापासून लांब, घरातच करा. फुग्यात हवा भरा, त्याला स्ट्रॉ चिकटवा, गॅलरीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ताणलेल्या दोऱ्यात ती स्ट्रॉ ओवा आणि फुगा सोडा. सोडण्याआधी लिहा: फुग्याचं तोंड भिंतीला जवळजवळ टेकवून सोडलं आणि भिंतीपासून लांब धरून सोडलं, तर जोर कधी जास्त? मागच्या भिंतीला ढकलून फुगा पुढे जातो असं मनात असेल, तर उत्तर चुकेल. फुगा आतली हवा मागे फेकतो आणि त्या फेकण्याचीच पुढची धाव त्याला मिळते. नारळी पौर्णिमेला होडीतून नारळ जोरात मागे फेकला तर होडी किंचित पुढे सरकते. नारळ पुढे कशावर आपटला का, याच्याशी होडीला देणंघेणं नाही. रॉकेट सेकंदाला असे हजारो नारळ फेकतं, वायूच्या रूपात. म्हणून ते हवा नसलेल्या जागी तर अधिकच चांगलं चालतं.

या चुकीबद्दल संकोच नको. १९२० च्या जानेवारीत 'न्यूयॉर्क टाइम्स'नं अग्रलेखात रॉबर्ट गॉडार्ड यांची टर उडवली होती, की निर्वात पोकळीत रॉकेटला ढकलायला काही नसतं हेही या प्राध्यापकाला कळत नाही. गॉडार्ड यांनी १६ मार्च १९२६ रोजी जगातलं पहिलं द्रव इंधनाचं रॉकेट उडवलं, अडीच सेकंदांत ते साधारण साडेबारा मीटर वर गेलं. वर्तमानपत्रानं चूक दुरुस्त केली १७ जुलै १९६९ ला, अपोलो-११ चंद्राच्या वाटेवर असताना.

आता नातीसाठी कबूल केलेलं उडणारं रॉकेट. पाण्याचं. सोड्याची प्लॅस्टिकची बाटली घ्यायची, कारण ती दाब सहन करायलाच बनवलेली असते. साध्या पाण्याची पातळ बाटली नको, चीर गेलेली तर मुळीच नको. तोंडाला घट्ट बूच, बुचातून सायकलच्या ट्यूबचा वॉल्व्ह, आणि हातपंप. कॉम्प्रेसर लावायचा मोह होईल, लावू नका. बूच बाजारात शोधण्यापेक्षा जुन्या शॉपमध्ये जाऊन नायलॉनच्या रॉडमधून हलका टेपर देऊन स्वतः टर्न करा, तुमच्या हाताला ते दहा मिनिटांचं काम आहे. बाटली तिरकी न ठेवता तोंड खाली करून सरळ उभी करायची, पंपाची नळी लांब घ्यायची, आणि कुणीही बाटलीवर वाकायचं नाही.

तीन उड्डाणं करा: नुसती हवा, एक तृतीयांश पाणी, आणि जवळजवळ पूर्ण भरलेलं पाणी. वहीत आधी लिहा, सगळ्यात उंच कोणतं जाईल. नुसत्या हवेत दाब आहे, पण फेकायला वजनदार काही नाही. पूर्ण भरली तर फेकायला पुष्कळ आहे, पण त्याला ढकलणारी दाबलेली हवा मावत नाही. मधलं जिंकतं. का जिंकतं हे नातीनं स्वतःच्या शब्दांत लिहिलं, तर प्रोपल्शनचा, म्हणजे रॉकेटला पुढे ढकलण्याच्या शास्त्राचा, पाया तिचा पक्का झाला असं समजा.

आणि इथे मोबाईल बाहेर काढा. स्लो मोशनमध्ये ते उड्डाण टिपा. रात्री दोघं मिळून फ्रेम-फ्रेम पुढे सरकवत बघा. पाणी डोळ्याचं पातं लवेपर्यंत संपलेलं असतं आणि बाटली तोवर थोडीशीच वर गेलेली असते. उरलेली सगळी उंची ती मिळालेल्या वेगावर, इंजिन बंद असताना चढते. खऱ्या रॉकेटचंही तसंच आहे, इंजिन मिनिटांत मोजायचं, प्रवास दिवसांत किंवा महिन्यांत. दुसऱ्याच्या शंभर व्हिडिओंपेक्षा स्वतः काढलेला हा एक व्हिडिओ मला मोलाचा वाटतो, कारण त्यातली प्रत्येक फ्रेम तुमच्या अंदाजाला 'हो' किंवा 'नाही' म्हणते.

नोझलवर जरा थांबते, कारण ते तुमच्याच हातातलं काम आहे. व्हिडिओत तुम्ही पाहिलं असेल: आत इंधन जळतं तो कंबस्टन चेंबर, मग टेपर होत गेलेला अरुंद घसा, मग घंटेसारखा रुंदावत गेलेला भाग. टर्नरच्या भाषेत दोन्ही बाजूंनी टेपर दिलेला बोअर. आता कोडं असं. बागेच्या नळीचं तोंड बोटानं दाबलं की पाणी जोरात जातं. म्हणजे अरुंद केलं की वेग वाढतो. मग घशानंतर पुन्हा रुंद का करतात? अशानं वेग कमी नाही का होणार? हा प्रश्न डाव्या पानावर लिहून दोन दिवस तसाच राहू द्या, लगेच उत्तर शोधू नका.

(दोन दिवस झाले असतील तर पुढे वाचा.) ध्वनीच्या वेगापेक्षा हळू वाहणारा वायू पाण्यासारखा वागतो, अरुंद झालं की धावतो. चेंबरपासून घशापर्यंत हेच चालतं, आणि नेमका घशात तो तिथल्या ध्वनीच्या वेगाला पोचतो. त्यापुढे खेळाचे नियम उलटतात. ध्वनीच्या पुढे गेलेला वायू रुंद जागा मिळाली की इतका झपाट्यानं विरळ होतो, फुलतो, की तेवढंच वजन दर सेकंदाला बाहेर काढायला त्याला आणखी वेगानं जावंच लागतं. म्हणून घंटा. आतली उष्णता आणि दाब तिथे वेगात बदलून घेतात.

आता तुमच्या टॉलरन्सकडे या. घशातून सेकंदाला किती वायू जाणार हे घशाच्या क्षेत्रफळावर ठरतं. घशाचा व्यास १०० मिलिमीटर धरा. तो १ मिलिमीटरनं मोठा झाला तर क्षेत्रफळ साधारण २ टक्क्यांनी वाढतं. तेवढ्यानं चेंबरमधला दाब बदलतो आणि दाबाबरोबर सगळं गणित. तुमची रिंग इंजिनात कुठेही बसली असो, त्या दोन शतांशांची कटकट कुणी उगाच लावलेली नव्हती.

नासाच्या ग्लेन संशोधन केंद्रानं विद्यार्थ्यांसाठी रॉकेटची जी पानं केली आहेत, त्यात रॉकेटच्या जोराचं एक सिम्युलेटर आहे. घसा लहान-मोठा करा, चेंबरचा दाब बदला, आकडे लगेच बदलतात. भाषा इंग्रजी आहे, पण शब्द थोडेच आहेत आणि नात शेजारी आहे. एका वेळी एकच आकडा बदला. दोन एकदम बदलले की कशामुळे काय झालं ते कळत नाही, हे लेथवाल्याला मी सांगायला नको.

लॉगॅरिदमची भीती एका बैठकीत घालवू. शॉपमध्ये मशीनचा घसारा कसा काढत? दरवर्षी उरलेल्या किमतीवर ठरावीक टक्के. रॉकेटचंही तसंच आहे. समजा १०० टनांचं रॉकेट आहे आणि ते वायू सेकंदाला ३ किलोमीटर वेगानं मागे फेकतं. स्वतःला तेवढाच, म्हणजे ३ किलोमीटर वेग येईपर्यंत त्याचे उरतात ३६.८ टन. बाकीचं सगळं इंधन म्हणून गेलं. आणखी ३ किलोमीटर वेग हवा? पुन्हा त्याच हिशेबानं, ३६.८ चे उरतात १३.५. आणखी ३ हवा? १३.५ चे उरतात साधारण ५. दर खेपेला त्याच आकड्यानं, ०.३६८ नं गुणायचं. असं किती वेळा गुणलं त्याची मोजदाद म्हणजे तुमच्या पुस्तकातला लॉगॅरिदम. कॅल्क्युलेटर घ्या आणि नातीकडून वहीत हा तक्ता करून घ्या.

आता त्या ५ टनांकडे बघा. पृथ्वीभोवती जवळच्या कक्षेत राहायला सेकंदाला ७.८ किलोमीटर वेग लागतो. वर चढताना गुरुत्वाकर्षण आणि हवा मिळून दीड किलोमीटरच्या आसपास खातात. म्हणजे ९ च्या पुढेच. १०० टनांतून उरलेल्या त्या ५ टनांहूनही कमी वजनात टाक्या, इंजिन, सांगाडा आणि उपग्रह सगळं बसवायचं आहे. जमत नाही. म्हणून टप्पे करायचे आणि रिकाम्या झालेल्या टाक्या वाटेत सोडून द्यायच्या. इस्रोचं पीएसएलव्ही रॉकेट उड्डाणाच्या वेळी ३२० टनांचं असतं, चार टप्प्यांचं, आणि ६०० किलोमीटरवरच्या सूर्यसमकालिक (खालच्या जागेवरून दर वेळी त्याच स्थानिक वेळेला नेणाऱ्या) कक्षेत पोचवतं १,७५० किलोपर्यंत. वजन आणि वेगाच्या या हिशेबाचं समीकरण १९०३ मध्ये छापून आणलं कॉन्स्टँटिन त्सिओल्कोव्स्की यांनी. रशियातल्या कालुगा गावचे शाळामास्तर, लहानपणी आजारात ऐकू येणं गेलेलं, शिक्षण बहुतेक स्वतःचं स्वतः पुस्तकं वाचून. मुलगा पुन्हा काही बोलला तर त्याला या मास्तरांबद्दल सांगा.

नातीच्या गेमकडे येते. तुम्ही नाव लिहिलं नाहीत, पण वर्णनावरून तो 'कर्बल स्पेस प्रोग्रॅम' असावा, २०१५ मध्ये पूर्ण स्वरूपात आलेला. तसं असेल तर पोरगी चांगल्या जागी पोचली आहे. कक्षा म्हणजे काय हे माझ्या माहितीतल्या कुठल्याही पुस्तकापेक्षा हा गेम हातात जास्त पक्कं बसवतो. पण त्यातलं काय खरं आणि काय सोयीचं, हे तुम्ही दोघांनी वेगळं काढायला हवं.

खरं काय, ते या प्रयोगात बघा. यान गोल कक्षेत फिरतंय. पुढे तोंड करून इंजिन थोडा वेळ चालवायचं. वहीत लिहा, कक्षा कुठे फुगेल? जिथे इंजिन चालवलं तिथेच, असं जवळपास प्रत्येक जण लिहितो. फुगते ती बरोबर विरुद्ध बाजूला! त्यानंतरचा प्रश्न: त्याच कक्षेत पुढे असलेलं दुसरं यान गाठायचं आहे, काय करायचं? मुंबईकर म्हणणार, वेग वाढवा, पुढची लोकल तशीच गाठतात. इथे वेग वाढवला की कक्षा मोठी होते, फेरीला वेळ जास्त लागतो आणि तुम्ही मागेच पडता. आधी वेग कमी करून खालच्या, छोट्या कक्षेत उतरायचं, पुढे निघायचं आणि मग वर यायचं. हे ऐकून कुणाला पटत नाही. चारदा यान हुकलं की पटतं. इथे पडद्याला पर्याय नाही, कारण असा प्रयोग गॅलरीत करता येत नाही.

हे एकदा हातात बसलं की चांद्रयान-३ चा प्रवास बघा. १४ जुलै २०२३ ला ते निघालं आणि २३ ऑगस्टला संध्याकाळी सहा वाजून चार मिनिटांनी उतरलं. चाळीस दिवस का लागले, थेट का गेलं नाही, हे मला त्या वेळी कितीतरी जणांनी विचारलं. रॉकेटनं ३,९०० किलोचं ते यान साधारण १७० बाय ३६,५०० किलोमीटरच्या लंबगोल कक्षेत सोडलं. पुढचा जोर यानाच्या स्वतःच्या इंजिनाचा, ४४० न्यूटन. म्हणजे ४५ किलो वजन तोलून धरील एवढा, सिमेंटच्या एका गोणीइतकाही नाही. एवढ्याशा जोरानं एकदम झेप कशी घेणार? म्हणून बहुतेक खेपांत यान पृथ्वीजवळच्या उपभू बिंदूपाशी आलं की इंजिन थोडा वेळ चालवायचं आणि विरुद्ध बाजूचा अपभू, म्हणजे सगळ्यात लांबचा बिंदू, वर न्यायचा. एकूण पाच खेपा केल्या, अपभू सव्वा लाख किलोमीटरच्या पुढे गेला, आणि १ ऑगस्टला ते चंद्राच्या वाटेला लागलं. नातीला सांगा, गेममध्ये हाच मार्ग, मुद्दाम कमी जोराचं इंजिन लावून करून दाखव. संध्याकाळ जाईल, जाऊ द्या.

आता सोयीचं काय. गेममधल्या ग्रहाची त्रिज्या आहे ६०० किलोमीटर, आपल्या पृथ्वीची ६,३७१. साडेदहा पट फरक. पृष्ठभागावरचं गुरुत्वाकर्षण मात्र सारखंच ठेवलंय. म्हणून तिथे कक्षेसाठी सेकंदाला सव्वादोन ते अडीच किलोमीटर वेग पुरतो, आपल्याला ७.८ लागतो. गुरुत्व सारखं असेल तर हा वेग त्रिज्येच्या वर्गमुळाप्रमाणे बदलतो आणि १०.६ चं वर्गमूळ येतं सव्वातीन. नातीला हा भागाकार करायला लावा, तिच्या आठवीच्या गणितात वर्गमूळ आहेच. गेममधलं इंजिन कितीही वेळा विनातक्रार पेटतं. खऱ्या इंजिनाचं प्रत्येक पेटणं ही स्वतंत्र परीक्षा असते. गेममधलं इंधन टाकीत महिनोन्‌महिने तसंच राहतं, खरा द्रव ऑक्सिजन सतत उकळून उडत असतो. आणि मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे, की गेममध्ये भाग निवडला की तयार येतो. तो कुणीतरी लेथवर उभं राहून केलेला असतो, हे तिथे दिसत नाही. ते तिला फक्त तुम्हीच दाखवू शकता.

इंग्रजीची अडचण वाटते तेव्हा 'फेट' सिम्युलेशन्स, म्हणजे पडद्यावर करायचे प्रयोग, उघडा. कोलोरॅडो विद्यापीठात नोबेल विजेते कार्ल वायमन यांनी २००२ मध्ये हा उपक्रम सुरू केला. सगळं फुकट, आणि त्यातली बरीच मराठीत आहेत. गुरुत्वाकर्षण आणि कक्षांचं सिम्युलेशन आधी घ्या, त्यात गुरुत्वाकर्षण एका क्लिकवर बंद करता येतं. बंद केल्यावर ग्रह कुठे जाईल ते आधी वहीत लिहायला विसरू नका.

घराबाहेर पडायचं तर वरळीचं नेहरू विज्ञान केंद्र आहे. दादरला गाडी बदलून महालक्ष्मीला उतरा. एका फेरीत सगळं बघायचा प्रयत्न करू नका, एकेका प्रयोगापाशी वीस मिनिटं घालवा. जवळच नेहरू तारांगण आहे, मराठी प्रयोग आहे का आणि किती वाजता हे आधी विचारून घ्या. चुनाभट्टीला मराठी विज्ञान परिषद आहे, १९६६ पासूनची. तिथल्या व्याख्यानांना तुमच्या वयाची माणसं भरपूर दिसतील आणि प्रश्न मराठीत विचारता येतील.

मुलाबद्दल जास्त लिहीत नाही. शिकून काय करणार याचं उत्तर तुमच्या पत्रातच आहे, की ३४ वर्षं केलेली वस्तू कुठे बसते हे तुम्हाला जाणून घ्यायचंय. मला हे कारण पुरेसं वाटतं.

शेवटचं एक काम देते. इस्रो आपली उड्डाणं यूट्यूबवर थेट दाखवतं. पुढच्या पीएसएलव्हीच्या दिवशी वही घेऊन बसा. नियंत्रण कक्षातल्या पडद्यावर ठरवलेल्या मार्गाची रेषा असते आणि तिच्यावरून सरकणारी प्रत्यक्षातली खूण. ७ सप्टेंबर २०१९ च्या पहाटे चांद्रयान-२ चा ठिपका रेषेपासून बाजूला सरकला, तेव्हा कुणी बोलायच्या आधी लाखो लोकांना कळलं होतं. तुम्ही आधीच डाव्या पानावर तुमची रेषा काढा: किती सेकंदांनी काय सुटेल, उंची कशी चढेल. पहिला घन इंधनाचा टप्पा साधारण ११० सेकंदांनी गळतो. मग पेटतं 'विकास' इंजिन, ऐंशी टनांच्या आसपास जोराचं, आणि साधारण अडीच मिनिटं चालतं. यातली बरीच विकास इंजिनं विक्रोळीत, गोदरेजच्या कारखान्यात बनत आली आहेत, तुमच्या घरापासून स्टेशन ओलांडून पलीकडे. ती अडीच मिनिटं घड्याळ नातीच्या हातात द्या आणि दोन शतांश मिलिमीटर म्हणजे किती, ते तिला तेव्हा सांगा. कपाटात जुना मायक्रोमीटर असेल तर तोही काढून ठेवा. तिचाच एक केस त्यात धरून माप वाचायला लावा.